काचेच्या बाटल्या वाटेत फुटतात: बबल रॅप सोडल्यावर येणारी तीच ती अडचण

आमच्याकडे परभणी जिल्ह्यात लाकडी घाण्यावर करडई, शेंगदाणा आणि तिळाचं तेल निघतं. काचेच्या बाटल्यांतून ते पुण्या-मुंबईला जातं. बबल रॅप बंद केल्यावर आम्ही प्रत्येक बाटलीसाठी जुन्या लुगड्याची, आत कापूस भरलेली जाड पिशवी शिवली. घरातल्या बाया तिला झबलं म्हणतात, म्हणून इथंही झबलंच म्हणते. झबली गिऱ्हाइकाकडून परत येतात, धुतली जातात, पुन्हा निघतात.

यात एक खोड हमखास निघते. पहिल्या चार-पाच खेपा सगळं सुखरूप पोचतं आणि मग फुटतूट सुरू होते. आमच्याकडे झाली, लोणच्याच्या बरण्या पाठवणाऱ्या माझ्या नणंदेकडे झाली, मध आणि चटण्या पाठवणाऱ्या ओळखीच्या दोन बचत गटांकडेही झाली. प्रत्येकीनं काढलेला अर्थ एकच, की कापडाला दम नाही, प्लॅस्टिकच बरं. मी ही दुरुस्ती इतक्यांदा केली आहे की आता बहुतेकदा फोटो बघूनच कारण सांगता येतं. आणि कापड दोषी निघालं असं फार थोड्यांदा झालं. आधी वाचा, मग बबल रॅपचं भेंडोळं आणायचं की नाही ते ठरवा.

आधी लक्षण ओळखा

फुटलेलं खोकं आलं की गिऱ्हाइकाला तीन फोटो मागा: बंद खोक्याचा चारही बाजूंनी, झाकण उघडल्याबरोबर काहीही न हलवता वरून, आणि फुटलेल्या बाटलीचा झबल्यातच असताना. झबल्यात हात घालू नका, असं त्यांना आधी बजावून सांगा. काचेचा बारीक कण बोटात गेला की दिसत नाही, पण ठसठसतो.

काच कुठून तुटली यावरून अर्धं काम होतं.

मान तुटली आणि अंग शाबूत असेल, तर वरून दाब आला आहे किंवा बाटली आत उभ्याने उसळून झाकणावर आपटली आहे. तळाची चकती गोल निघून आली असेल तर खोकं सरळ खाली पडलं आणि तळाला गादी नव्हती, किंवा होती ती चेपून गेलेली होती. पोटावर एका ठिपक्यापासून चांदणीसारख्या चिरा फाकल्या असतील, तर तिथं काहीतरी टणक लागलं आहे, बहुतेकदा शेजारची बाटलीच. खोक्याचा एकच कोपरा दबलेला आणि त्याच्याच जवळची बाटली गेलेली असेल, तर कोपऱ्यावर पडलं.

काही लक्षणं फुटण्याची नसतातच. सगळ्या बाटल्या अखंड, पण झबली तेलकट, हे झाकणाचं काम आहे. बरणी पोचली तेव्हा चांगली होती आणि दोन दिवसांनी फळीवर उभी तडकली, तर ती वाटेत नाही, भरताना बिघडलेली असू शकते. आणि ज्या लक्षणासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते असं, की खोकं बाहेरून कोरं करकरीत, बाटल्या त्याच, बांधणी तीच, माणूस तोच, आणि सहाव्या-सातव्या खेपेला आत चुरा.

हलवून बघा

याला पैसा लागत नाही, म्हणून सगळ्यात आधी हे. बांधलेलं खोकं छातीशी धरून उजवीकडे-डावीकडे, मग पालथं करून हलवा. आत काही सरकल्याचा, नुसता मऊ “धप” असा आवाज आला तरी ते खोकं जायच्या लायकीचं नाही.

नुकतं भरलेलं खोकं ही परीक्षा सहज पास होतं, तिथंच लोक फसतात. गाडीच्या हादऱ्यांनी भरण खाली बसतं. इथून पाथरी, माजलगाव, बीड करत पुण्याला जाईपर्यंत खोक्याला किती तास थरथर लागते याचा विचार करा. खोकं भरून मोटारसायकलच्या मागे बांधून गावातल्या कच्च्या रस्त्यानं एक फेरी मारून आणा आणि मग हलवा. भुसकट किंवा चुरगाळलेला कागद भरलेला असेल तर वर चांगली दोन बोटं जागा मोकळी झालेली दिसेल. बाटलीला पळायला तेवढी जागा पुरते.

मोकळी जागा भरायला आम्ही धडुत्यांच्या छोट्या उश्या शिवल्या आहेत, तळहाताएवढ्या. त्या दाबून बसवतो, नुसत्या वर ठेवत नाही. झाकण लावताना खोक्याची पाती किंचित जोर देऊन बंद व्हायला हवी.

याच तपासणीत आणखी एक मोजा, बाटल्या किती आणि झबली किती. दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढतात, गेलेली झबली अजून परत आलेली नसतात, आणि मग सहा बाटल्यांना पाच झबली लावून सहावी वर्तमानपत्रात गुंडाळून मधल्या कप्प्यात बसवली जाते. मी स्वतः बसवली आहे. ती एक बाटली फुटली की बाकी पाचांची झबली तेलानं भिजतात. झबली परत यायची असतील तर अनामत घ्या. सोडावॉटरच्या गोळीच्या बाटल्यांची रीत हीच होती, रिकामी बाटली आणि लाकडी कप्प्यांचं खोकं दुकानात परत जायचं. आम्ही झबल्यामागं 50 रुपये घेतो, पुढच्या ऑर्डरीत वळते करतो.

झाकण आणि वरची रिकामी जागा

झबलं तेलकट झालं असेल तर काच तपासत बसू नका, झाकण तपासा. बाटली भरून, झाकण लावून, कागदावर आडवी रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग असेल तर कारण सापडलं.

झाकण घट्ट असूनही गळत असेल तर तेल गळ्यापर्यंत भरलं का ते बघा. तेल उष्णतेनं पाण्यापेक्षा जास्त फुगतं. 500 मिली तेल 20 अंशांचं 45 अंशांवर गेलं तर जवळजवळ 9 मिलीनं वाढतं. परभणीची हिवाळ्यातली पहाट 10 अंशांखाली जाते. तशा थंडीत काठोकाठ भरलेली बाटली फेब्रुवारीच्या दुपारी बंद गाडीत तापली की ते तेल जाणार कुठं? झाकणाच्या आट्यांतून बाहेर येतं. म्हणून बाटलीच्या खांद्याच्या वर, मानेत, हवा राहू द्या. 500 मिलीच्या बाटलीत निदान 15 मिली जागा हवी, म्हणजे बाटली घेतानाच तेवढ्या मापाची घ्यायची. गिऱ्हाइकाला वाटेल कमी भरली, तर चिठ्ठीवर कारण लिहून द्या. आम्ही देतो आणि त्यानंतर तक्रार आलेली नाही.

लोणच्याला आणि चटणीला ही अडचण कमी असते, त्यांची वेगळी असते. कढत फोडणी थेट थंड बरणीत ओतू नका. साध्या काचेला साधारण 40 अंशांच्या अचानक फरकापर्यंतच भरवसा आहे. त्याच्या पुढं काच तिथल्या तिथं तडकते किंवा दिसणार नाही अशी केसाएवढी चीर धरून ठेवते, आणि ती चीर वाटेत उघडते.

काचेला काच लागू देऊ नका

झबली घातलेल्या बाटल्या एकमेकींना चिकटून उभ्या केल्या की वाटतं मध्ये दोन झबली आहेत, म्हणजे दुप्पट जाडी. पण हादरा बसतो तेव्हा दोन्हींचा कापूस एकाच जागी दाबला जातो आणि बाटल्यांचं पोट, म्हणजे सगळ्यात फुगीर भाग, पोटावर येतो. म्हणून मध्ये पुठ्ठ्याचे कप्पे हवेतच. जुन्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, एकमेकांत खाचा अडकवून जाळी करता येते. कप्प्याची उंची खांद्यापर्यंत तरी हवी. बाटलीच्या अर्ध्यापर्यंत येणारे कप्पे आम्ही वर्षभर वापरले. खालून बाटल्या जागच्या जागी आणि वरून माना एकमेकींवर डोलतात, अशी ती अवस्था होती.

खोक्याच्या भिंतीपासून बाटली निदान दोन बोटं आत असावी. कोपऱ्यातल्या बाटलीला तीन बोटं मिळाली तर उत्तम.

झबलं बसलंय का

सहाव्या-सातव्या खेपेची फुटतूट इथं सापडते.

खोकं हातातून निसटलं तर साधारण 75 सेंटीमीटर खाली पडतं. जमिनीला लागल्यावर बाटलीला थांबावं लागतं, आणि थांबायला जेवढं अंतर मिळेल तेवढा धक्का सौम्य. गादी 3 सेंटीमीटर दबली तर बाटलीवर तिच्या वजनाच्या साधारण 25 पट जोर येतो. तीच गादी 1 सेंटीमीटरच दबली तर 75 पट. पडण्याची उंची तीच, बाटली तीच, फरक केवळ गादी किती दबू शकते याचा. जाडीपेक्षाही ती दबण्याची जागा उरली आहे का, हे महत्त्वाचं. जुन्या, बसलेल्या झबल्याची घडी हाताला जाड लागते, पण ती आधीच दबलेली असते. त्यात दबायला काही राहिलेलंच नसतं.

बबल रॅपच्या फोडात हवा कोंडलेली असते, म्हणून तो फुटेपर्यंत दबतो आणि परत उठतो. कापसात हवा कोंडलेली नसते, धाग्यांच्या मध्ये धरलेली असते. वजनाखाली, हवेच्या दमटपणात, धुण्यात कापूस हळूहळू गड्डे धरतो. घरातल्या गादीचं जे होतं तेच.

तपासायचं असं. नवं झबलं आणि वापरलेलं झबलं शेजारी पाटावर ठेवा. दोन्हींवर भरलेली बाटली आडवी ठेवून पाच मिनिटांनी उचला. नव्याचा खड्डा भरून येईल. जुन्याचा तसाच राहिला तर झबलं बसलं आहे. मग तळवा ठेवून चाचपा, गड्डा आणि गड्ड्यामध्ये पोकळ जागा लागते का बघा. त्या पोकळ जागेत दोन कापडांशिवाय काही नसतं आणि बाटली नेमकी तिथंच फुटते.

झबलं किती खेपा गेलं हे आठवून कळत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक खेपेला त्याच्या काठावर रंगीत दोऱ्याचा एक टाका घालतो. पाच टाके झाले की झबलं उन्हात जातं. चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात दोन दिवस, उलटून-पालटून, अधूनमधून काठीनं झटकून. पुष्कळ झबली एवढ्यानं उठतात. नाही उठली तर शिवण उसवून कापूस पिंजाऱ्याकडे न्या. गादी-दुकानात पिंजायचं यंत्र असतं, जुना कापूस त्यातून मोकळा होऊन येतो. नवा कापूस आणण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे आणि कापूस तोच राहतो.

शिवणीबद्दल एक सांगायचं आहे, कारण ही चूक मी सगळ्या हुशार हातांकडून होताना पाहिली आहे. आमच्याकडच्या बायांचा हात वाकळ शिवायला बसलेला. वाकळीचा धावदोरा जितका जवळ तितकी ती टिकाऊ आणि देखणी, तशीच झबली शिवली गेली. टाके जवळ आले की कापूस टाक्यांखाली आवळला जातो आणि झबलं पुठ्ठ्यासारखं कडक होतं. अंथरायला उत्तम, बाटलीला वाईट. आता आम्ही ओळी चार बोटांच्या अंतरावर घालतो, कापूस सरकू नये एवढ्याच. झबली दिसायला पोरकट वाटतात, पण फुटतूट याच बदलानं सगळ्यात जास्त थांबली.

तळाची गादी कापसाची करू नका. सगळं वजन तिथंच असतं, कापूस दोन खेपांत बसतो. रबर लावलेल्या काथ्याच्या गाद्या मिळतात, त्यांची कापणी झाली की पट्ट्या उरतात. गादी-दुकानदाराला मागा. काथ्या दबतो आणि परत उठतो. त्याला बारदानाचं खोळ घालून दाभणानं शिवून टाका. आमच्या तळाच्या गाद्यांनी अजून दगा दिलेला नाही.

तेल मुरलेली झबली: इथं हयगय नको

फुटलेल्या खोक्यातली तेलकट झबली लोक गोळा करून पोत्यात कोंबतात, वेळ मिळेल तेव्हा धुऊ म्हणतात. करडईच्या आणि जवसाच्या तेलाबाबत हे धोक्याचं आहे. ही सुकणारी तेलं आहेत, हवेशी संयोग होताना ती उष्णता सोडतात. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलेइक या सुकणाऱ्या आम्लाचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो, जवसात त्याहूनही वेगानं सुकणारं लिनोलेनिक. कापडावर पातळ पसरलेलं तेल आणि वर कापसाचा ढीग, म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही आणि आत वाढत राहते. अशा ढिगाला काडी न लावताही आग लागू शकते.

म्हणून तेलकट झबलं आलं की त्याच दिवशी सुटं करून दोरीवर एकेरी पसरा. मग ती गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा, दोन पाण्यांत काढा, पूर्ण वाळू द्या. धुऊनही चिकट राहिली किंवा खवट वास गेला नाही तर तो कापूस पुन्हा वापरायचा नाही, कारण चिकट कापूस उठत नाही. कापड ठेवा, कापूस उकिरड्यावर पाण्यानं भिजवून टाका. ढीग आधीच साचला असेल आणि हात घातल्यावर आत ऊब लागली, तर तो तिथंच उपसू नका. पाणी मारा आणि उघड्यावर न्या.

फुटलेल्या खोक्यातला कडबा किंवा भुसकट जनावरापुढं टाकू नका. वरून स्वच्छ दिसलं तरी नाही, आत काचेचे कण असू शकतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबरच्या तक्रारी वेगळ्या ठेवा. पुठ्ठा हवेतली ओल ओढतो आणि मऊ पडतो. उन्हाळ्यात पाच खोक्यांची चळत पेलणारं खोकं श्रावणात तळातून बसतं. बाटल्यांच्या माना वरून दाबल्या जातात, म्हणजे मानेची फुटतूट पावसाळ्यात वाढली तर आधी पुठ्ठ्यावर संशय घ्या. खोकी जमिनीवर नको, फळीवर किंवा पोत्यांच्या थरावर ठेवा. झबलं दमट असताना भरू नका. दमट कापूस आधीच दबलेला असतो आणि बंद खोक्यात चार दिवसांत त्याला बुरशीचा वास येतो.

खोकं आणि पेटी

आता पैसे लागायला लागतात. अर्धा लिटरच्या सहा बाटल्या तेलासकट आणि काचेसकट पाच किलोच्या आसपास जातात, वर झबली आणि गाद्या. एवढ्याला तीन पदरी पुठ्ठा चालतो, पण एकदाच. परत फिरवायचा असेल तर पाच पदरी घ्या. कडा मऊ पडल्या, पात्यांच्या घडीवर पांढरी रेघ उमटली की ते खोकं कप्प्यांसाठी कापायला ठेवा.

प्लायवूडची पेटी वर्षानुवर्षं चालते. पण पेटी आणली की लोक आतली गादी कमी करतात, मजबूत पेटी आहे ना म्हणून. उलटं करायला हवं. पुठ्ठ्याचा कोपरा पडताना स्वतः चेपतो आणि थोडा धक्का गिळतो. प्लायवूड काहीच गिळत नाही, सगळा धक्का आत देतं. पेटीत गादी वाढवा. शिवाय पेटीचं वजन भाड्यात दोन्ही वेळा मोजलं जातं, जातानाही आणि येतानाही. म्हणून जिथून पेटी नियमित परत येते, म्हणजे एखादं दुकान किंवा सोसायटीतली एकत्र ऑर्डर, तिथंच ती परवडते. सुट्या गिऱ्हाइकाला पुठ्ठाच.

बाटली

सगळं नीट असून फुटत असेल तर बाटली उन्हात धरून फिरवा. परत आलेल्या, पुन्हा भरलेल्या बाटल्यांच्या पोटाभोवती पांढुरका, घासलेला पट्टा दिसतो. काच ओरखड्यापासून तुटते. जितके ओरखडे जास्त, तितकी ती कमी जोरात फुटते. असा पट्टा बोटाला खरखरीत लागला तर ती बाटली घरात ठेवा, वाटेला लावू नका. तळाला एका बाजूला काच जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ असेल, तर ती नवीसुद्धा घेऊ नका. लांब मानेची बाटली देखणी दिसते, पण बुटक्या, गोल खांद्याच्या बाटलीचं झबलंही सोपं आणि फुटतूटही कमी. पुढच्या खरेदीला हे लक्षात ठेवा.

पाडून बघणं

एवढं सगळं केल्यावर अंदाजावर राहू नका. बाटल्यांत तेलाऐवजी पाणी भरा, मानेत जागा सोडा, रोजच्यासारखं बांधा आणि पाडा. इस्टा या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्राथमिक चाचणीत 10 किलोखालचं खोकं 76 सेंटीमीटरवरून 10 वेळा पाडतात: आधी एक कोपरा, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या 3 कडा, मग 6 बाजू. घरी फरशीवर ताडपत्री टाकून, भिंतीवर खडूनं 76 ची खूण करून हे करता येतं. लेकरं आणि कोंबड्या लांब ठेवा, पायात बूट घाला.

नव्या झबल्यांनी एकदा करा आणि पाच टाक्यांच्या झबल्यांनी पुन्हा एकदा. दुसरी चाचणी कुणी करत नाही आणि खरी गरज तिचीच आहे. तुमचं खोकं वाटेला लागतं ते बहुतेक वेळा जुन्याच झबल्यांनिशी.

इथं थांबा आणि जाणकाराला गाठा

झाकण फुगलं, उघडताना फस्स आवाज आला, लोणच्याला फेस आला, तर तो बांधणीचा दोष नाही. आत काहीतरी आंबतंय. चाखून बघू नका, त्याच वेळी भरलेल्या बाकी बरण्याही पाठवू नका. अन्न तंत्राच्या माणसाकडे जा. मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्न तंत्र महाविद्यालय आहे.

पाडायच्या चाचणीत नवी झबली, सुका पाच पदरी पुठ्ठा, कप्पे आणि काथ्याची गादी असूनही दर वेळी एकाच जागी काच तुटत असेल, तर आणखी कापूस कोंबण्यात अर्थ नाही. आधी बाटलीवाल्याला तुकडे दाखवा आणि दुसऱ्या मालाची बाटली मागा. त्यानंतरही तसंच झालं, किंवा एकदम मोठी ऑर्डर, परदेशी माल अंगावर आला, तर पॅकेजिंगच्या प्रयोगशाळेकडून चाचणी करून घ्या. मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग 1966 पासून हेच काम करते. पाडण्याची, थरथरीची आणि चळतीच्या दाबाची यंत्रं तिथं आहेत.

पाच-दहा लिटरच्या काचेच्या बरण्या झबल्यांत पाठवायला जाऊ नका. त्या वजनाला आपल्या हातचं शिवणकाम पुरत नाही.

कुणाकडेही जाताना फुटलेली बाटली, तिचं झबलं आणि खोकं तिन्ही बरोबर न्या, न धुता, न झटकता. झबल्यावर तो टाक्यांचा काठ दिसू द्या, म्हणजे ते कितव्या खेपेला गेलं हे सांगता येईल.